नागपूरचं स्लॅबचं घर आणि मे महिन्याची रात्र: सुरुवात गच्चीपासून

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं नेमकं होईल. नागपुरात आई-वडिलांचं १९९४ सालचं बैठं घर आहे. अकराशे चौरस फूट, नऊ इंची विटांच्या भिंती, वर पाच इंची आरसीसी स्लॅब आणि त्यावर जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा गिलावा केलेला थर. तीन एसी, एक कूलर. फेब्रुवारीत वीज १९० युनिट लागते, मे महिन्यात ९४०. वडील पंचाहत्तरीचे आहेत आणि उन्हाळ्यात रात्री दोन वाजेपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही. कंत्राटदाराने सगळ्या खिडक्या डबल ग्लासच्या करा, खोल्यांना पीओपीचं फॉल्स सीलिंग करा आणि गच्चीवर ५ किलोवॅटचं सोलर लावा, असं सुचवलं आहे. हे बरोबर आहे का, आणि जर्मनीतल्या ‘पॅसिव्ह हाऊस’सारखं घर हवाबंद करावं का, असं तुम्ही विचारता.

एवढ्या पैशात घर नक्की थंड होईल, पण या यादीने नाही. यादीत काय नाही ते बघा. गच्ची नाही आणि पश्चिमेची भिंत नाही. बैठ्या घरात उष्णता शिरते ती मुख्यतः या दोन वाटांनी.

आधी बिलाकडे वळू. फेब्रुवारीत नागपुरात ना गिझर जोरात असतो ना पंखा. म्हणून त्या महिन्याचा आकडा म्हणजे घराचा मूळ खर्च: फ्रिज, दिवे, टीव्ही, पाण्याची मोटर. मे मधून तो वजा करा. ९४० वजा १९०, म्हणजे ७५० युनिट फक्त उष्णता बाहेर फेकण्यात गेली. दिवसाला २४ युनिट. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक महिन्याची अशी वजाबाकी एका कागदावर लिहून ठेवा. पुढे कोणीही काहीही विकायला आलं, की हा कागद समोर ठेवायचा आणि विचारायचं: या ७५० मधले तुम्ही किती कमी करणार, आणि कसे?

आता स्लॅब. ऊर्जा सल्लागार एक आकडा वापरतात, यू-व्हॅल्यू. आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते, ते हा आकडा सांगतो. नुसत्या आरसीसी स्लॅबचा यू साधारण ३.३ येतो. तुमच्याकडे कोबा आहे, म्हणून २.४ धरू. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये नव्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात छताची मर्यादा १.२ आहे. म्हणजे तुमचं छत त्या मर्यादेच्या दुप्पट उष्णता आत घेतं, आणि ती मर्यादासुद्धा मला नागपूरसाठी सैलच वाटते.

ढोबळ हिशोब करून दाखवतो. मे महिन्यात नागपूरची दिवस-रात्र मिळून सरासरी हवा ३६ अंशांच्या आसपास धरा. काळवंडलेला कोबा त्यावर पडणाऱ्या उन्हातला ७० टक्के भाग पिऊन घेतो. हे ऊन जमेस धरलं की स्लॅबच्या दृष्टीने बाहेर चोवीस तास सरासरी ४३ अंश आहेत असं समजायचं. आत २८ ठेवायचे तर फरक १५ अंशांचा. १५ गुणिले २.४ गुणिले तुमचं १०० चौरस मीटर छत: ३,६०० वॅट. एसीचा एक टन म्हणजे ३,५०० वॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. याचा अर्थ, संपूर्ण घर २८ अंशांवर ठेवायचं ठरवलं तर एक टनाचा एसी चोवीस तास, एक मिनिटही न थांबता, फक्त छतासाठी चालवावा लागेल. खिडक्या, भिंती, माणसं, स्वयंपाकघर हे सगळं वेगळं.

त्याच गच्चीला चांगला पांढरा, ऊन परतवणारा लेप दिला तर बाहेरची ‘सरासरी’ ४३ वरून ३७ वर येते आणि ३,६०० चे सुमारे २,२०० होतात. लेपाच्या जोडीला ५० मिलिमीटर एक्सपीएस घातलं, म्हणजे कठीण, बंद पेशींचे फोमचे पत्रे, तर यू उतरतो ०.५ वर आणि २,२०० चे राहतात सुमारे ४५०. तेच घर, तोच मे महिना. छतातून येणारी उष्णता आठव्या हिश्श्यावर येते. घरात हलणारं एकही यंत्र नाही, बिघडणारं काही नाही.

आणि हा नुसता युनिटचा प्रश्न नाही. वडिलांना झोप का लागत नाही, याचं उत्तर छताच्या खालच्या बाजूला आहे. स्लॅब आणि कोबा मिळून उष्णतेला आत पोचायला पाच-सहा तास लागतात. दुपारी एक-दीडचं ऊन खोलीत उतरतं ते संध्याकाळी सात-आठला. अशा घरांत मी लेझरचा थर्मामीटर छताला लावतो, तेव्हा मे महिन्यात रात्री आठ वाजता ४२-४३ अंश हा आकडा हमखास दिसतो. माणसाची त्वचा ३४-३५ अंशांची असते. म्हणजे पलंगावर पडलेल्या माणसाच्या डोक्यावर त्याच्याहून गरम असा दहा बाय बारा फुटांचा तवा असतो, आणि तो मध्यरात्र उलटेपर्यंत निवत नाही. एसी हवा थंड करतो, पण तव्याची धग अंगावर येतच राहते. म्हणून माणूस २४ वरून २० वर येतो, मग अंगावर चादर घेतो, आणि तरी डोकं तापतंच. दिवसभराच्या उन्हातून शरीर सावरतं ते रात्री. उतारवयात तीच रात्र मिळाली नाही तर पुढचा दिवस धोक्याचा होतो. तुमच्या जागी मी असतो तर बिलापेक्षा या कारणासाठी गच्ची आधी केली असती.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, तुमच्याकडेही असेल. उपयोग होतो, नाही असं नाही. पण सात वाजता पाणी माराल तेव्हा दुपारची उष्णता स्लॅबच्या मध्याच्या पुढे गेलेली असते. वरचा भाग निवतो, खालचा देतच राहतो. पाणी मारायचंच तर गोणपाट अंथरून ते सकाळपासून ओलं ठेवावं लागतं, आणि विदर्भात मे महिन्यात इतकं पाणी कुठून आणायचं?

आता काम कसं करायचं ते जरा सविस्तर, कारण घोटाळा होतो तो इथेच. पहिल्यांदा जुना कोबा ठोकून बघायचा. हातोडीच्या दांड्याने टकटक केलं की पोकळ जागा आवाजावरून कळते. पोकळ भाग फोडून काढा, बाकीचा राहू द्या. मग भेगा भरून त्यावर वॉटरप्रूफिंग, आणि ते कठड्यावर निदान एक फूट चढवलेलं हवं. हे झालं की गच्चीचे पाइप बोळे कोंबून बंद करा आणि ४८ तास पाणी भरून ठेवा. खाली प्रत्येक खोलीत छताकडे बघा. ओल दिसली तर पुढचं काम थांबवा. मगच एक्सपीएसचे पत्रे, सांधे एकासमोर एक न येऊ देता. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड आणि मग जाळी घालून दोन इंचांचं काँक्रीट, पाइपांकडे उतार राखून. हे काँक्रीट अखंड ओतायचं नाही. दोन-दोन मीटरचे चौकोन पाडायचे आणि मधल्या फटी सीलंटने भरायच्या, नाहीतर ऊन त्याला हमखास तडकवतं. सगळ्यात वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, म्हणजे आपला चायना मोझॅक, किंवा पांढरा लेप. दोन इंच काँक्रीट चौरस मीटरला ११०-१२० किलो वजन टाकतं. घर तीस वर्षांचं आहे. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा गच्चीवर न्या आणि त्याचं मत लेखी घ्या. वजन परवडत नाही म्हणाला, तर जुना कोबा काढून तेवढा भार आधी कमी करता येतो.

जिओटेक्स्टाइल, जाळी, चौकोन या गोष्टींवर मी इतका अडून बसतो त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात अमरावतीतल्या एका घरावर मी खर्च वाचवायला साधं हलकं थर्माकोल घालू दिलं, वर जेमतेम इंचभर प्लास्टर, जाळी नाही. उन्हाळा छान गेला. पहिल्याच पावसात प्लास्टर तडकलं, थर्माकोलच्या दाण्यांमध्ये पाणी शिरलं आणि तिथेच बसलं. दिवाळीपर्यंत दोन खोल्यांच्या छताला बुरशी आली. भिजलेलं इन्सुलेशन उष्णता अडवत नाही, आणि ते स्लॅबच्या डोक्यावर असल्यामुळे पाणी कुठून येतंय हेही सापडत नाही. सगळं उखडून पुन्हा करावं लागलं. त्या घरातल्या आजींनी मला एक शब्द लावला नाही, आणि तेच मला आजही जास्त लागतं. तेव्हापासून पाणी न पिणारा पत्रा आणि जाळीचं काँक्रीट याशिवाय मी गच्चीला हात लावत नाही.

इन्सुलेशन स्लॅबच्या वरच का, खालून का नाही? खालून लावणं सोपं आणि स्वस्त असतं, आणि दिवसातले काही तासच एसी चालवायचा असेल तर ते चालतंही. पण मग स्लॅब स्वतः उन्हात तापत-निवत राहतो, प्रसरण-आकुंचनाने भेगा वाढतात आणि गळती सुरू होते. वरून घातलं की तोच पाच इंची स्लॅब सावलीत येतो आणि घराच्या बाजूने काम करायला लागतो. पहाटेचा गारवा साठवून तो दुपारपर्यंत पुरवतो. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात जे व्हायचं तेच हे आहे. माळवदावरचा मातीचा जाड थर दुपारचं ऊन रात्रीपर्यंत खाली येऊ द्यायचा नाही, आणि मातीच्या रुंद भिंती आतली हवा स्थिर ठेवायच्या. पत्रे आणि स्लॅब आले तेव्हा आपण तो थर काढून टाकला आणि त्याच्या जागी काही ठेवलं नाही.

यंदा एवढा खर्च जमत नसेल तर निदान पांढरा लेप कराच. साध्या चुन्याचे दोन हात मारले तरी पहिल्या महिन्यापासून फरक कळतो, पण चुना पहिल्याच पावसात जातो. तयार लेप दोन-तीन वर्षं टिकतात, मात्र धूळ बसली की त्यांचा पांढरेपणा झपाट्याने उतरतो. नागपुरात धुळीची कमतरता नाही. होळी झाली की गच्ची घासून धुवायची, हे वेळापत्रकात लिहून ठेवा. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली आणि तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरणच आणलं. आपल्याकडे विदर्भात हे काम व्हायलाच हवं, कारण त्याचा सगळ्यात मोठा फायदा एसी न परवडणाऱ्याला होतो.

आता पश्चिम. तुम्ही लिहिलं आहे की पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांवर दीड फुटाचा छज्जा आहे, ‘तरी ऊन येतं’. येणारच. मे महिन्यात दुपारी साडेचारला नागपुरात सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असतो. त्या कोनात दीड फुटाचा छज्जा खिडकीचा वरचा दहा इंच भाग झाकतो, खालचे तीन फूट उघडेच. छज्जा दक्षिणेला शोभतो, कारण तिथे सूर्य उंच असतो. २६ मेच्या सुमारास तर नागपुरात भर दुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते, दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. पश्चिमेला आडवा छज्जा कितीही वाढवला तरी उपयोग नाही. तिथे समोर उभं काहीतरी हवं: बांबूचा चिक, जाळीची भिंत, बाहेरून उघडणारी लाकडी झडप, वेल चढवलेली जाळी. मार्चमध्ये आपल्याकडे लोक हिरवी नेट बांधतात, तीही चालते. फक्त भिंतीला चिकटवू नका. फूट-दीड फूट अंतर ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते.

बाहेर हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. चार बाय पाच फुटांची एक खिडकी, म्हणजे जवळपास दोन चौरस मीटर, पश्चिमेच्या उघड्या उन्हात संध्याकाळी ८००-९०० वॅट उष्णता आत घेते. खोलीत एक इस्त्री चालू ठेवल्यासारखं हे आहे. बाहेरचा चिक त्यातला बहुतेक भाग दारातच अडवतो.

यावरून डबल ग्लासचं काय ते तुम्हीच ओळखाल. साध्या काचेचा यू ५.७, दोन काचांच्या खिडकीचा २.८ च्या आसपास. फरक खरा आहे. पण तुमच्या घरात सगळ्या खिडक्या मिळून १५ चौरस मीटर, छत १०० चौरस मीटर. सावलीतल्या खिडकीला डबल ग्लास लावून दिवसाच्या सरासरीत वाचतात तीन-साडेतीनशे वॅट, आणि त्याचा खर्च गच्चीच्या कामापेक्षा जास्त. शिवाय कंत्राटदार जुन्या लाकडी, बिजागरीच्या खिडक्या काढून सरकत्या लावणार. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते, सरकती अर्धीच. जी हवा पहाटे हवी आहे ती आपण स्वतःच निम्मी करतो आणि त्यासाठी पैसेही मोजतो. तुमच्या सागवानी चौकटी जागेवर राहू द्या. सुताराकडून त्या बसवून घ्या, रबराची पट्टी लावा, डास अडवायला जाळीचं दुसरं पल्लं करा. डासांमुळेच लोक रात्री खिडक्या उघडत नाहीत. जाळी नसेल तर रात्रीच्या वाऱ्याबद्दल मी सांगतो ते सगळं कागदावरच राहील.

पश्चिमेच्या भिंतीला ऊन लागतं ते रात्री अकराच्या सुमारास आत पोचतं. नऊ इंची विटेची हीच चाल आहे. चिक किंवा वेल भिंतीलाही सावली देईल असं बघा, आणि अंगणात जागा असेल तर पश्चिमेला कडुनिंब लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं गाळतो आणि ऊन चढायला लागतं तसा पुन्हा भरतो. सावली द्यायला काही वर्षं लागतील, पण खड्डा या पावसातच घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हवाबंद घराचा. पॅसिव्ह हाऊस म्हणजे जाड इन्सुलेशनचं, हवाबंद, अगदी कमी ऊर्जेवर चालणारं घर. जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने अशा पहिल्या घरांत लोक राहायला गेले. त्या मानकात घर उबदार ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १५ युनिट उष्णता, आणि ५० पास्कल दाबाच्या चाचणीत तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त गळती नको, असा दंडक आहे. बाहेर बर्फ आणि आत माणसं, म्हणजे महिनोन्‌महिने आत-बाहेर पंधरा-वीस अंशांचा फरक. तिथे प्रत्येक फट महाग पडते. त्या लोकांकडून शिकावी अशी गोष्ट म्हणजे शिस्त: आधी हिशोब, मग कवच, यंत्र शेवटी. घर बारा महिने बंद ठेवणं मात्र आपण उचलू नये, कारण नागपूरचं घर वर्षात तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी वापरायचं असतं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरतं.

मार्च-एप्रिलमध्ये पहाट गार असते. सकाळी आठला खिडक्या-झडपा बंद, रात्री दहाला सताड उघड्या, एवढ्यावर घर निभावतं. वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत बायका हेच करायच्या, दुपारी कवाडं लोटून घर अंधारं ठेवायच्या. मे महिन्यात पहाटेचा पारासुद्धा २८ च्या खाली फारसा जात नाही, त्यामुळे नुसत्या खिडक्या उघडून भागत नाही. तो कूलरचा महिना. आणि मृग लागला, हवेत ओल आली, की कूलर संपला. मग पंखा, आरपार वारा, आणि ज्या रात्री जीव नकोसा होतो त्या रात्री बंद खोलीत एसी. जून-जुलैच्या त्या दमट रात्रींसाठी एक खोली, फक्त एकच, जर्मन पद्धतीने घट्ट करा. ती आई-वडिलांची झोपायची खोली. उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने, दाराखालून, एसीच्या पाइपाच्या भोकाजवळून सावकाश फिरवा. धूर जिथे वाकतो तिथे फट आहे. तासाभरात अख्खी खोली तपासून होते आणि रबरपट्टी, दाराखालचा ब्रश, थोडं सीलंट एवढ्यात काम भागतं.

कूलरबद्दल दोन शब्द, कारण त्याला आता सगळे गरिबाचा एसी समजून बाजूला सारतात, आणि ते चूक आहे. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तेव्हा पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा सिद्धांतानुसार २३ पर्यंत उतरू शकते. चांगल्या पॅडचा कूलर २७-२८ ची हवा देतो, दोनशे वॅटमध्ये. दीड टनाचा एसी पूर्ण भारावर दीड हजार वॅट वीज घेतो. पण कूलर खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढणारा हवा, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. खोलीत ठेवून दारं लावली की तीच ओली हवा तो फिरवत बसतो आणि अंग चिकट होतं. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर उत्तम. पॅड दर वर्षी बदला, क्षार धरलेलं पॅड निम्मंही काम करत नाही. पाणी मात्र मोजून ठेवा. कोरड्या दुपारी मध्यम कूलर तासाला दहा-वीस लिटर सहज उडवतो. म्हणून आधी गच्ची, म्हणजे कूलर लहान पुरतो आणि कमी वेळ चालतो.

फॉल्स सीलिंग तुमच्या घरात नको. त्याने स्लॅबचा यू थोडा उतरतो, पण खोलीची उंची जाते, पंखा खाली येतो, आणि वरची गळती दिसेनाशी होते. ज्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे आणि सोसायटी गच्चीला हात लावू देत नाही, त्यांना मी वेगळा सल्ला देतो. त्यांनी सीलिंग करताना वरच्या पोकळीत चकचकीत फॉइल खाली तोंड करून लावावं, तापलेल्या स्लॅबची धग त्याने बरीच अडते. पुण्या-मुंबईतल्या नव्या टॉवरमध्ये तर भिंतीसुद्धा ओतीव काँक्रीटच्या असतात. सहा इंची काँक्रीटची भिंत नऊ इंची विटेपेक्षा जास्त उष्णता आत घेते. तुमच्या आई-वडिलांच्या भिंती त्या मानाने चांगल्या आहेत.

पंखे लगेच बदला. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास, आणि तुमच्याकडे पाच पंखे दिवसाचे पंधरा-सोळा तास फिरतात. वारा अंगावर असेल तर माणसाला दोन-तीन अंश जास्त चालतात. भारतीय लोकांवरच अभ्यास करून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने सुखद तापमानाचं जे गणित मांडलं, ते २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आलं. त्यानुसार नैसर्गिक हवेच्या इमारतीत, बाहेरची सरासरी ३५ असताना, सवय असलेल्या माणसाला आत ३१-३२ अंशही सुसह्य वाटतात. आई-वडिलांच्या वयात मी त्याहून खालीच राहीन, पण २२ ची गरज कोणालाच नाही. छत निवल्यावर २७ वर एसी आणि वर पंखा, हे त्यांना आजच्या २२ पेक्षा गार वाटेल. एसी एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच सांगतं.

एसी बदलायची घाई करू नका. गच्ची झाल्यावर झोपायच्या खोलीला दीडऐवजी एक टन पुरेल. मोठा एसी चटकन हवा गार करून थांबतो आणि ओल तशीच ठेवतो, मृगानंतर हे जाणवतं. तीन एसींपैकी एक तर कायमचा बंद राहील असा माझा अंदाज आहे.

सोलर शेवटी, आणि ५ नव्हे, ३ किलोवॅट. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे तीन किलोवॅट वर्षाला चार हजारांच्या वर. गच्ची आणि पश्चिम झाल्यावर तुमच्या घराचा वर्षाचा खर्च त्यात बसायला हरकत नाही. घरावरच्या सोलरसाठी केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८,००० रुपये आहे आणि त्याच्या वर वाढत नाही, ५ ला तेवढंच मिळतं. पॅनेल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर घ्या, वाऱ्याचा हिशोब केलेल्या. खाली गच्चीला सावली मिळेल आणि सफाईला जागा राहील. सांगाड्याचे पाय कुठे बसणार ते मात्र वॉटरप्रूफिंगच्या आधी ठरवा. झालेल्या गच्चीत नंतर ड्रिल मारणारे पाहिले की माझा जीव खालीवर होतो. त्या एका भोकाने सगळं काम वाया जातं.

वेळेचं म्हणाल, तर गच्चीचं काम दिवाळीनंतर सुरू करा आणि फेब्रुवारीच्या आत संपवा. एप्रिलच्या उन्हात काँक्रीटला पाणी पुरत नाही आणि मजुरांचेही हाल होतात. चिक, जाळ्या, पंखे, उदबत्तीची तपासणी ही कामं याच आठवड्यात होऊ शकतात, त्यासाठी कोणाची वाट बघायला नको.

तोवर एक काम बाबांवर सोपवा. साधे दोन थर्मामीटर आणा, एक झोपायच्या खोलीत उशाशी, एक बाहेर सावलीत. दुपारी चार, रात्री दहा आणि पहाटे सहा, तीन वेळा आकडे वहीत लिहायचे, शेजारी मीटरचं रीडिंग. मे महिन्यातले पंधरा दिवस पुरतील. गच्ची झाल्यावर पुढच्या मे मध्ये पुन्हा पंधरा दिवस. रात्री दहाचा आतला आकडा किती उतरला ते बघून झोपायच्या खोलीचा नवा एसी एक टनाचा घ्यायचा की पाऊण टनाचा, ते आपण ठरवू.